बारा माशांचा माणूस कोणी पाहिला आहे?

देवणी हे लातूर जिल्ह्यातले, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेले तालुक्याचे गाव. बाहेरच्या जगाला त्याचे नाव माहीत आहे ते एका गोवंशामुळे. पांढऱ्या अंगाचा पण चेहऱ्यावर काळा तो वाण्णेरा, जवळजवळ सगळाच पांढरा तो बालंक्या आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो शेवरा, असे या वंशाचे तीन प्रकार इकडचा शेतकरी लांबून ओळखतो. उदगीरच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एखाद्या जोडीचे कौतुक करताना ‘शुद्ध देवणी’ हे शब्द ज्या अभिमानाने उच्चारले जातात, तो अभिमान इकडे दुसऱ्या कशाच्याही वाट्याला क्वचितच येत असेल. या शुद्ध देवणीविषयी पशुवैज्ञानिक काय सांगतात? काठेवाडातली गीर, सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातली डांगी आणि इथली गावरान जनावरे यांच्या मिश्रणातून गेल्या साधारण दोन शतकांत हा वंश घडला, असे ते सांगतात. म्हणजे आपण ज्याला शुद्ध म्हणतो तो मुळात संकर आहे. संकर जुना झाला, त्याला नाव मिळाले, त्याची लक्षणे कागदावर नोंदवली गेली, आणि मग त्या नावाच्या कुंपणात शुद्धाशुद्धतेचा हिशेब सुरू झाला.

गुरांच्या बाबतीत हा हिशेब निरुपद्रवी म्हणता येईल. दूध किती आणि नांगर किती ओढतो, एवढ्यापुरताच तो असतो. कमी प्रतीच्या कालवडीला आपण कमी प्रतीच्या आहोत हे आयुष्यभर कोणी ऐकवत नाही. माणसाचे तसे नाही. हा लेख माणसाविषयी आहे आणि तो लिहिण्यास कारण झाली ती माझ्याच हातून घडलेली एक चूक.

मी याच सीमाभागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) वर्गात चालू होते. प्रथेप्रमाणे आधी शीर्षकाचा अर्थ सांगितला. मासा हे सोनाराचे जुने वजन. बारा माशांचा एक तोळा. अकराच भरले तर त्या तोळ्यात खोट. त्यावरून ज्याचे आईबाप वेगवेगळ्या जातींचे आणि ज्याचा जन्म लग्नाबाहेरचा, तो माणूस अक्करमाशी. लेखकाची आई महार, वडील लिंगायत पाटील. तास संपला. एक विद्यार्थिनी सगळे बाहेर पडेपर्यंत वह्या आवरत रेंगाळली आणि मग तिने विचारले, “सर, रक्त तपासलं तर जात कळते का हो?” मी घाईत होतो. “छे, आपण सगळे एकच आहोत,” असे म्हणालो. “बरं सर,” म्हणून ती निघून गेली. तिने का विचारले हे मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. मात्र आपण तिला उत्तर न देता वाटेला लावले, हे मला त्याच संध्याकाळी कळून चुकले. ‘आपण सगळे एकच’ हे वाक्य शास्त्रदृष्ट्या अर्धवट आहे आणि ‘अक्करमाशी’ शिकवणाऱ्याच्या तोंडी तर ते चक्क पळपुटेपणाचे आहे. म्हणून जे तेव्हा सांगायला हवे होते ते आता सविस्तर मांडतो.

मिश्र जन्माविषयीचा तिरस्कार ही आपल्याकडे आयात वस्तू नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्णसंकराची लांबलचक यादी आहे. शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांची संतती चांडाळ, क्षत्रिय पिता आणि ब्राह्मण माता यांची संतती सूत, अशी ती चालते. ही यादी कोणी घरोघर हिंडून केलेली नोंद नव्हे. समाजात ज्या ज्या समूहाला खालची जागा द्यायची होती, त्याच्या मागे एकेक ‘चुकीचा’ समागम कल्पून ठेवला, असे तिचे स्वरूप आहे. आणि चुकीची तीव्रता कशावरून ठरते हेही पाहावे. वरचा पुरुष खालच्या बाईकडे गेला तर तो अनुलोम, म्हणजे केसांच्या दिशेने जाणारा, खपण्यासारखा. वरची बाई खालच्या पुरुषाकडे गेली तर तो प्रतिलोम, आणि त्याची शिक्षा संततीला सर्वांत कठोर. या व्यवस्थेला रक्ताची काळजी असती तर दोन्ही मिश्रणे तिला सारखीच वाटायला हवी होती. तिला काळजी होती ती बाई कोणाच्या ताब्यात राहते याची.

ज्या परंपरेने ही यादी जपली तिच्यातच तिचा प्रतिवादही आहे, तो मात्र आपण क्वचितच शिकवतो. महाभारताच्या वनपर्वात अजगर झालेला नहुष युधिष्ठिराला ब्राह्मण कोण असे विचारतो. त्या संवादात युधिष्ठिर स्पष्टपणे सांगतो की, सर्व वर्णांचा परस्परांत संकर झालेला असल्यामुळे माणसाची जात पारखणे अवघड आहे, म्हणून आचरण पाहावे. ज्या ग्रंथाचा कर्ता म्हणून परंपरा ज्या व्यासांकडे बोट दाखवते, त्यांची आई मासेमारांच्या घरात वाढलेली सत्यवती. म्हणजे आपला सर्वांत मोठा ग्रंथच या हिशेबाने अक्करमाशी ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जुन्या तिरस्काराला शास्त्राचा अंगरखा मिळाला. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून माणसांचे वंश ठरवीत आणि सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो असे सांगत. मराठी ब्राह्मण, मराठे, कुणबी या सर्वांना त्यांनी ‘सिथो-द्रविडी’ अशा एका मिश्र खणात टाकले. आपल्या विद्वानांना यातले ‘मिश्र’ तेवढे खटकले, मोजपट्टी खटकली नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘राधामाधवविलासचंपू’च्या प्रस्तावनेत (१९२२) उत्तरेकडून आलेले महाराष्ट्रिक आणि इथले नाग यांच्या संकराची उपपत्ती मांडली आणि मराठ्यांच्या इतिहासातले दोष त्या संकराच्या खाती घातले. राजवाड्यांच्या कष्टांविषयी आणि त्यांच्या गद्याच्या ताकदीविषयी मला नितांत आदर आहे. पण एखाद्या समाजाने अमुक शतकात अमुक गोष्ट का केली नाही, याचे कारण त्याच्या रक्तातल्या भेसळीत शोधणे हा इतिहास नव्हे. आजही मराठी इतिहासलेखनाचा अभ्यास करताना आपण त्या प्रस्तावनेच्या शैलीवर बोलतो आणि तिच्यातल्या वंशकल्पनेला ‘काळाची मर्यादा’ म्हणून सोडून देतो. काळाची मर्यादा हे निमित्त पुरेसे नाही, कारण त्याच काळात दुसरे उत्तर देणारी माणसे होती.

त्यांतल्या एका बाईंना आपण ‘युगान्त’ आणि ‘परिपूर्ती’ यांच्या लेखिका म्हणून ओळखतो. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या. हे फिशर कोण? जर्मनांच्या ताब्यातल्या आजच्या नामिबियात, रेहोबोथ येथे बोअर पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांच्या मिश्र संततीची मोजमापे घेऊन १९१३मध्ये ज्यांनी ग्रंथ लिहिला आणि अशा संकराने युरोपीय रक्ताची हानी होते असे सांगितले, ते. पुढे नाझी राजवटीत, १९३७मध्ये, ऱ्हाइनलँडमधल्या शेकडो मिश्रवर्णी मुलांची गुपचूप सक्तीने नसबंदी करण्यात आली, तेव्हा या संस्थेतल्या मानवशास्त्रज्ञांनी त्या मुलांविषयी ‘तज्ज्ञ’ अभिप्राय दिले होते. कर्वे यांना विषय मिळाला होता मानवी कवटीच्या असममितीचा. युरोपीयांच्या कवटीत डावी-उजवीकडचा फरक अधिक असावा आणि त्यात त्यांच्या श्रेष्ठत्वाचे बीज असावे, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा वंशभेद दिसत नाही असे लिहिले. पुण्याची एक तरुण मुलगी बर्लिनमध्ये आपल्या गुरूला आकड्यांनी नाही म्हणते, हा प्रसंग ‘युगान्त’ शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात सांगितला गेला पाहिजे. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची तुलना केली (१९६८). एकाच दर्जाचे, एकाच नावाचे म्हणून हे गट एकाच मुळाचे असावेत असे मानायला आधार मिळत नाही, असे तीतून दिसले.

दुसरे उत्तर डॉ. आंबेडकरांचे. १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे असे सांगितले. गट बंद ठेवायचा तर त्यातल्या ‘जास्तीच्या’ बाईचे काय करायचे, या प्रश्नाची सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही उत्तरे आहेत, असे त्यांचे विवेचन आहे. १९३६च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये त्यांनी वंशशुद्धीचा दावा थेट खोडून काढला. भारतातले निरनिराळे वंश रक्ताने आणि संस्कृतीने मिसळून गेल्यावर खूप काळाने जातिव्यवस्था आली, असे ते म्हणतात. १९४८च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात तर त्यांनी नाकाच्या मोजमापाचे आकडेच हाती घेतले आणि या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवून दिले.

आता जनुकशास्त्राकडे वळू. वाचकांपैकी बहुतेक जण माझ्यासारखेच कलाशाखेचे आहेत, म्हणून जेवढे लागते तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट १९७२ची. रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, माणसामाणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका समूहाच्या आतच सापडते. वंश म्हणून जे वेगळे काढले जातात त्यांच्यातल्या फरकाला त्यातला फारच लहान वाटा येतो.

दुसरी २००९ची. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि डेव्हिड राइश यांचा गट यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की, भारतातले बहुतेक सर्व समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले आहेत. त्यांतल्या उत्तरेकडच्या घटकाचा वाटा निरनिराळ्या समूहांत सुमारे ३९ ते ७१ टक्के भरतो. या आकड्यांत शून्य नाही आणि शंभरही नाही. पुढे २०१९मध्ये हे चित्र अधिक तपशिलात आले. इथले आदिम शिकारी-संग्राहक, इराणी पठाराशी दूरचे नाते असलेले सिंधू संस्कृतीच्या काळचे लोक आणि इसवी सनपूर्व २०००नंतर गवताळ प्रदेशातून आलेले लोक, असे तीन प्रवाह कमीअधिक प्रमाणात आपल्यात आहेत. शेवटच्या प्रवाहात पुरुषांचा वाटा बायकांपेक्षा बराच अधिक होता, हेही दिसून आले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०१३मध्ये प्रिया मूरजानी, कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मिश्रणाचा काळ काढला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथे माणसे मोठ्या प्रमाणावर मिसळत होती, अगदी आज एकांतात राहतात असे वाटणारे समूहसुद्धा. त्यानंतर मिसळणे थांबत गेले. कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेतल्या पार्थ मजुमदार यांच्या गटाने २०१६मध्ये जवळजवळ हेच सांगितले. वरच्या जातींत दरवाजे बंद झाल्याला सुमारे सत्तर पिढ्या लोटल्या, असा त्यांचा अंदाज आहे. मराठा नमुन्यांत मिश्रण आणखी काही शतके चालू राहिलेले दिसते आणि त्याचा संबंध ते चालुक्य-राष्ट्रकूट काळाशी लावतात. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको.

आंबेडकरांनी १९३६मध्ये जो क्रम तर्काने मांडला होता, आधी मिश्रण आणि मग जात, तोच क्रम सत्त्याहत्तर वर्षांनी पेशीच्या आतून वाचला गेला. या योगायोगाकडे मराठीच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, याचा मला खेद वाटतो.

इथे एक प्रामाणिक कबुली आवश्यक आहे. हजारो वर्षे दार बंद ठेवले तर त्याची खूण जनुकांत उमटते. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देण्याच्या एका औषधाचा त्रास होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा खूपच अधिक आहे, कारण थोड्या पूर्वजांकडून आलेला एक दोष बंद गटात टिकून राहिला. एकच वळू पिढ्यान् पिढ्या त्याच कळपात ठेवू नये हे देवणीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. स्वतःच्या घराबाबत मात्र तो उलट नियम पाळतो, आणि त्याच्याहून अधिक शिकलेले आपण तर अधिकच कसोशीने पाळतो. म्हणून ‘जनुकशास्त्राने जात खोटी ठरवली’ असे मी म्हणणार नाही. जनुकांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही लिहिलेले नसते. किती काळ कोणाशी लग्न होऊ दिले नाही, याची जमाखर्चाची वही मात्र तिथे असते. जात त्या नकारांतून घडली.

आता वंशावळीचा दिमाख पाहू. शहाण्णव कुळांची असो की गोत्र-प्रवरांची, वंशावळ ही बापाची एकच रेघ असते. दहाव्या पिढीत प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १०२४ जागा असतात. वंशावळ त्यांतले एक नाव सांगते आणि १०२३ गाळते. गाळलेल्यांत निम्म्याहून अधिक बायका असतात. विसाव्या पिढीत या जागा दहा लाखांवर जातात. इतक्या जागांवर एकाच जातीची, एकाच मुलखाची माणसे बसली होती असे छातीठोकपणे सांगायला श्रद्धा लागते. पुरावा तिथे मिळत नाही. आमच्या उदगीरच्याच किल्ल्याचे उदाहरण घ्या. १६३६मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा तो सिद्दी मिफ्ताह या हबशी सरदाराच्या ताब्यात होता. दख्खनच्या फौजांबरोबर आलेले हबशी, तुर्क, अरब, रोहिले यांतले बरेच जण परत गेले नाहीत. त्यांनी इथेच घरे केली, आणि घर एकट्याने होत नसते.

गाळलेल्या बाईची सर्वांत बोलकी कथा कोकणात सापडते. बेने इस्रायल समाजाच्या आख्यायिकेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढी वाचली. २०१६मध्ये या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम आशियातल्या यहुद्यांशी त्यांचे नाते खरे निघाले, म्हणजे आख्यायिका पोकळ नव्हती. पण भारतीय वाटाही भरघोस निघाला. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले आणि त्यात पुरुष अधिक करून बाहेरचे, स्त्रिया अधिक करून इथल्या होत्या. आख्यायिका बायकांना जहाजात बसवून आणते, जनुके त्यांना किनाऱ्यावर उभ्या दाखवतात. कथेला त्या इथल्या असणे का परवडले नाही, हे उघड आहे. चित्पावनांच्या उत्पत्तीची सह्याद्रिखंडातली कथा याच घाटाची. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते परशुरामाने अग्नीने शुद्ध करून उठवली, असे ती सांगते. पुढच्या काळात ज्यांना ही कथा अपमानास्पद वाटली त्यांनी घाऱ्या डोळ्यांकडे बोट दाखवून युरोपीय किंवा इराणी पूर्वज शोधले. वास्तविक डोळ्यांच्या रंगाचा बराचसा भाग पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका लहानशा परिसरावर अवलंबून असतो. तेवढ्यावरून बाकीच्या पूर्वजांविषयी काहीही सांगता येत नाही. एका खिडकीच्या रंगावरून वाड्याचा मालक ओळखण्यासारखे ते आहे.

एवढे स्पष्ट असताना शुद्धतेचा बाजार का चालतो? कारण आता त्यात नवे व्यापारी आले आहेत. एप्रिल २०२२मध्ये उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पुढच्याच महिन्यात केंद्रीय संस्कृती मंत्रालय वंशशुद्धी शोधण्यासाठी जनुकतपासणीची यंत्रसामग्री घेत असल्याची बातमी एका इंग्रजी दैनिकात आली. मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी म्हटले. तरीही वंशशुद्धी ही कल्पनाच निराधार आणि घातक आहे, असे पत्र शास्त्रज्ञ आणि इतिहासकारांना काढावे लागले. दुसरीकडे, चाळीस हजार वर्षे सर्व भारतीयांचा डीएनए एकच आहे, अशी घोषणा व्यासपीठांवरून ऐकू येते. ती ऐकायला गोड असली तरी वर सांगितलेल्या प्रत्येक अभ्यासाच्या विरुद्ध आहे, आणि तिचा उपयोग नकारांची वही न उघडताच मिटवण्यासाठी होतो. माझे ‘आपण सगळे एकच’ याच जातीचे होते.

आपल्या, म्हणजे परिवर्तनवादी, बाजूलाही हे सांगितले पाहिजे. २००१मध्ये विशाखापट्टणम परिसरातल्या जातींवर एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या जाती युरोपीयांच्या थोड्या अधिक जवळ निघाल्या. लगेच आपल्याकडच्या पुस्तिकांतून ‘परकी’ आणि ‘मूलनिवासी’ अशी रक्ताची वाटणी सिद्ध झाल्याचे छापले गेले. त्याच अभ्यासात सर्वच जाती मिश्र होत्या, हे गाळले गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त आर्यांच्या आक्रमणाची कथा शस्त्र म्हणून वापरली, तेव्हा हातात दुसरे साधन नव्हते. आंबेडकरांनी ते शस्त्र जाणीवपूर्वक खाली ठेवले. अन्यायाचा दावा सिद्ध करायला अन्याय पुरेसा आहे. त्यासाठी रक्ताचा दाखला मागू लागलो की आपण पुन्हा रिस्लेच्याच दारात उभे राहतो.

आणखी एक गोड युक्तिवाद आहे. निखळ सोन्याचा दागिना घडत नाही, त्यात थोडे तांबे लागतेच, तद्वत मिश्र संतती अधिक तेजस्वी असते, असे काही सज्जन म्हणतात. मला हा दृष्टांत नको. त्यात तराजू तोच राहतो, केवळ भाव बदलतो. मिश्र जन्माच्या मुलाला विशेष हुशार असण्याचे कर्ज कशासाठी? त्याला इतरांइतके सामान्य असण्याचा हक्क हवा आहे.

हे सारे साहित्याच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण आपल्या धंद्याच्या शब्दांत आहे. मिश्र भाषेला आपले समीक्षक आजही बिनदिक्कत ‘धेडगुजरी’ म्हणतात. एका जातीला हिणवणारा शब्द भाषेच्या दोषाचे नाव म्हणून चालतो आणि लिहिणाऱ्याचा हात अडखळत नाही. देवणी-उदगीरच्या मुलांची मराठी कानडी, उर्दू आणि तेलुगू यांच्या शेजारात वाढलेली आहे, म्हणून तिला ‘भेसळीची’ म्हटले जाते. पण अण्णा, अक्का आणि तूप हे शब्द कानडीच्या शेजारातून आले, त्यांना कोणी बाटगे म्हणत नाही. सर्वांत गंमत ‘अस्सल’ या शब्दाची. अस्सल अनुभव, अस्सल ग्रामीण, अस्सल मराठमोळे असे आपण लिहितो, तो शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. ‘कमअस्सल’मधला ‘कम’ही फारसीच. शुद्धतेचे माप म्हणून आपण जो शब्द वापरतो त्याचाच पत्ता परमुलखातला आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मिश्रणात कोणत्या बाजूने पुरुष आले आणि कोणत्या बाजूने स्त्रिया, हे जनुके सांगू शकतात. ते प्रेमाने झाले की जुलमाने, हे ती सांगू शकत नाहीत. तिथून पुढे साहित्याचे काम सुरू होते. केतकरांनी १९३०मध्ये ‘ब्राह्मणकन्या’ लिहिली. तिच्यातल्या कालिंदीचे वडील ब्राह्मण आणि आई कलावंतिणीची मुलगी. कालिंदीला जे सोसावे लागते त्यात रक्ताचा दोष कुठेच नाही, लग्नाच्या बाजाराचा आहे, हे केतकरांना दिसले होते. लिंबाळे यांनी त्याच प्रश्नाला आतून तोंड फोडले. पाटलाकडे जमीन होती, वजन होते, स्वतःचे लग्नाचे घर होते. त्यांच्या आईकडे यांतले काही नव्हते. या व्यवहारात बाराचे अकरा झाले असे समाज म्हणतो. मग तो एक मासा कोणाच्या खात्यातून वजा झाला? पाटील पूर्ण बारा माशांचा राहिला. घट मांडली गेली मुलाच्या आणि त्याच्या आईच्या नावावर. ‘अक्करमाशी’ला आपण ‘दोन जातींच्या कात्रीत सापडलेल्या माणसाची व्यथा’ असे परीक्षेच्या उत्तरात लिहायला शिकवतो, तेव्हा आपण सोन्याची तक्रार ऐकतो आणि तराजूला हात लावत नाही.

त्या विद्यार्थिनीने हा लेख वाचला तर तिला माझे उत्तर असे आहे. रक्त तपासून जात कळत नाही. तुझ्या जनुकांवरून तुझे पूर्वज साधारण कोणत्या समूहांच्या जवळचे होते, हे कदाचित सांगता येईल, कारण त्या समूहांनी बराच काळ बाहेर लग्ने होऊ दिली नाहीत. तुझे आईबाप दोन समूहांतले असतील तर दोन्हींच्या खुणा सापडतील, निम्म्या-निम्म्या. त्यांत वरची कोणती आणि खालची कोणती हे सांगणारे कुठलेही यंत्र नाही, कारण तसे काही तिथे नसतेच. पूर्ण बारा माशांचा माणूस या देशात गेल्या चार हजार वर्षांत कोणाला सापडलेला नाही. तुला कोणी अकरा म्हटले तर त्याला त्याचे माप विचार. आणि तू का विचारलेस ते सांगावेसे वाटले तर सांग. या वेळी मी घाईत नसेन.